ओठ हलवा, चालेल. गाऊ मात्र नका

पोस्ट लांब आहे. सुरुवात गाण्यापासून होते आणि पुढे कॉपीराइट कायद्यात शिरते. ज्यांना फक्त भांडणात रस आहे त्यांनी खाली उडी मारली तरी माझा राग नाही.

अकापेला ग्रुपचा व्हिडिओ शेअर केला की खाली एक कमेंट ठरलेली असते. "मूळ गाणं काय वाईट होतं? मग ही नक्कल कशाला?" विचारणारे बहुतेक जाणकार असतात, त्यामुळे उत्तर नीट द्यायला हवं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी एवढंच, की अकापेला म्हणजे एकही वाद्य न घेता नुसत्या गळ्यांनी अख्खं गाणं उभं करायचं. एक जण चाल गातो, दोघं-तिघं मिळून गिटार किंवा कीबोर्ड होतात, एक जण तळाचा खर्ज धरतो आणि एक जण तोंडानेच ड्रम वाजवतो. शब्द इटालियन आहे, अर्थ साधारण 'चॅपेलच्या रीतीने'. चर्चमधली ही रीत अमेरिकेतल्या कॉलेजांत शिरली आणि तिथे तिचं वेगळंच झाड झालं. येल विद्यापीठातला व्हिफेनपूफ्स हा ग्रुप १९०९ पासून गातोय. शंभरहून जास्त वर्षं फक्त मुलांचा होता, २०१८ मध्ये पहिल्यांदा एक मुलगी आत आली. आज तिथल्या शेकडो कॉलेजांत असे ग्रुप आहेत, त्यांच्या स्पर्धा होतात, त्यावर 'पिच परफेक्ट' नावाचा सिनेमा २०१२ मध्ये आला आणि बऱ्यापैकी चालला.

आता यातलं पुष्कळसं मला स्वतःला सोसत नाही, हेही सांगून टाकतो. अर्धवर्तुळात उभं राहून माना डोलावणं, 'जिन-जिन डा-डा' असली अक्षरं, चेहऱ्यावर सतत आनंद. शिवाय स्टुडिओत रेकॉर्ड केलेल्या अकापेलावर इतकी इस्त्री फिरवतात, की शेवटी ते गळे आहेत की सिंथेसायझर हेच कळत नाही. मग वाद्य सोडलं कशाला? मला आवडतं ते जिन्यात, हॉलमध्ये, एका दमात गायलेलं. कारण त्यात पडायची भीती असते.

ती भीती समजून घ्या. पेटी किंवा गिटार सोबत असली की सूर परत सापडायला खुंटी असते. इथे खुंटी नाही. सुरुवातीला कुणीतरी पिच पाइप फुंकतो, तेवढाच आधार. मग चार मिनिटं सगळे एकमेकांच्या भरवशावर. एकाचा सूर बारीकसा उतरला की शेजारचा नकळत त्याच्याकडे सरकतो, आणि गाणं संपेपर्यंत अख्खा ग्रुप अर्धा सूर खाली आलेला असतो. श्वासाचंही तसंच. लांब सूर तुटू नये म्हणून प्रत्येकाने वेगळ्या जागी श्वास चोरायचा हे आधी ठरलेलं असतं. ड्रम करणाऱ्याला तर ठोक्याच्या आवाजातच श्वास लपवावा लागतो, नाहीतर त्याची दमछाक थेट माइकवर येते. हे सगळं आपल्याला समोर दिसत असतं. रेकॉर्डमध्ये जे पडद्यामागे असतं, ते इथे पाच माणसांच्या गळ्यात आणि डोळ्यांत उघडं पडलेलं असतं.

आणि ते जमलं की काय होतं? इथे मिरज-सांगलीच्या माणसाला लांब जायची गरज नाही. तंबोरा लागला की खोलीत जे भरून येतं, ते आपल्याला माहीत आहे. तारा एकमेकींत मिसळल्या की कुणीच न छेडलेला स्वर ऐकू येतो. पेटीत ते होत नाही, कारण पेटीचे सूर कारखान्यात सारख्या अंतरावर बसवलेले असतात. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीवर बंदी घातली होती, त्यामागे जी कारणं दिली गेली त्यात हे एक होतं. ती बंदी मला कधीच पटली नाही, पण कानाचा मुद्दा खरा आहे. गळ्याला पट्ट्या नसतात. चार चांगले गळे एकत्र आले की ते कानाने सरकत सरकत बरोबर त्या जागी जातात, जिथे सुरांमधली थरथर थांबते. अंगावर काटा येतो तो तिथे. रागदारी ऐकणारा माणूस हार्मनीला परका असतो असं म्हणतात, पण या एका क्षणाला तो परका राहत नाही असा माझा अनुभव आहे.

मग दुसऱ्याची गाणी कशाला, स्वतःची का नाही? कारण ओळखीचं गाणं असलं की मूळ रेकॉर्ड ऐकणाऱ्याच्या डोक्यात आधीच वाजत असते. तिथे बासरीचा तुकडा येतो हे त्याला पाठ आहे. आता बासरी नाही, मग हे काय करणार? ही जी अर्ध्या सेकंदाची उत्सुकता आहे ना, ती नव्या गाण्यात येऊच शकत नाही. नव्या गाण्यात काय वगळलंय, काय बदललंय हे कळणार कसं? आपण तरी ख्याल ऐकायला जातो तेव्हा बंदिश नवी असावी अशी अट घालतो का? उलट ओळखीची निघाली की सरसावून बसतो.

पेंटाटॉनिक्स हा टेक्सासमधला पाच जणांचा ग्रुप बघा. २०११ मध्ये टीव्हीवरची 'द सिंग-ऑफ' स्पर्धा जिंकून ते पुढे आले. २०१५ चा त्यांचा अल्बम बहुतांश स्वतःच्या गाण्यांचा होता आणि बिलबोर्डच्या यादीत थेट पहिला आला. तरी जग त्यांना ओळखतं ते दुसऱ्यांच्या गाण्यांसाठी. त्यातही २०१३ च्या 'डाफ्ट पंक' मेडलीसाठी. डाफ्ट पंक ही फ्रेंच जोडी डोक्यावर रोबोटची हेल्मेट घालून वावरायची आणि आपले आवाज मुद्दाम यंत्रातून काढायची. ज्या गाण्यांचा सगळा डौल 'आम्ही माणूस नाही' हा, ती या पाच जणांनी नुसत्या गळ्यांनी गायली. कोट्यवधी लोकांनी ते पाहिलं आणि २०१५ मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं. कशासाठी मिळालं हे नीट वाचा. गायनासाठी नाही, अरेंजमेंटसाठी.

हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. चाल दुसऱ्याची, शब्द दुसऱ्याचे. यांचं काम अरेंजमेंटचं. कुठला आवाज कुठल्या गळ्यात टाकायचा, काय ठेवायचं, काय गाळायचं.

आपल्याकडे या कामाची किंमत काय झाली ते पाहा. जुन्या हिंदी गाण्यांत मधले व्हायोलिनचे ताफे, मुखडा चालू असताना मागून येणारी दुसरी चाल, हे सगळं लिहून काढणारे बरेच जण गोव्याचे होते. चर्चच्या शाळांत सोल्फा शिकलेले, नोटेशन वाचणारे. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्यासाठी वर्षानुवर्षं हे काम केलं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांचं नाव पुढे एका सिनेमातल्या पात्राला मिळालं, ते प्यारेलाल यांचे गुरू. मराठीत अनिल मोहिले. रेकॉर्डच्या कव्हरवर संगीतकार, गीतकार, गायक. अरेंजर असलाच तर बारीक अक्षरात, बहुतेक वेळा नाहीच. आता पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातला 'पेन मसाला' हा ग्रुप घ्या. १९९६ पासून आहे, हिंदी आणि इंग्रजी गाणी एकमेकांत विणून गातो, २००९ च्या व्हाइट हाउसमधल्या दिवाळीत ओबामांसमोर गायला. किंवा मुंबईचा 'व्होक्ट्रॉनिका' घ्या. हे लोक एखादं जुनं हिंदी गाणं गळ्यांनी वाजवतात तेव्हा चाल धरणारा एकच असतो, बाकीचे सगळे त्या अनाम अरेंजरचं काम गात असतात. पन्नास वर्षांनी त्या माणसाच्या तुकड्याकडे कुणीतरी पहिल्यांदा कान देतंय.

आणि वाद्यांशिवाय गाणं हे आपल्या सिनेमाला परकं आहे असंही नाही. रहमानने १९९३ मध्ये 'तिरुडा तिरुडा' या तमिळ सिनेमात एक अख्खं गाणं जवळपास फक्त आवाजांवर उभं केलं होतं. असो.

आता कायद्याकडे येतो, कारण ही पोस्ट लिहायला बसलो ते त्याच्यामुळे.

माझ्या ओळखीतल्या सहा कॉलेजच्या पोरांनी गेल्या पावसाळ्यात एक मराठी सिनेगीत अकापेला करून बसवलं. गाणं दोनेक वर्षांपूर्वीचं. तीन महिने गच्चीवर तालीम. ड्रम करणाऱ्या मुलाची आई मला म्हणाली, "अहो काका, हा अभ्यास सोडून दिवसभर नुसता थुंकत बसतो." मूळ गाण्यात ढोलकी आणि ब्रासचा मोठा भाग आहे. पोरांनी ब्रास गाळला, त्या जागी दोन मुलींच्या आवाजात खालून वर चढणारी साखळी घातली. मला मूळ गाण्यापेक्षा ती जागा आवडली. फोनवर शूट केलं, टाकलं. चौथ्या दिवशी दावा आला आणि व्हिडिओ बंद झाला. कंपनीला मेल केली, दुसरी केली. सात आठवड्यांनी फोनवर एक गृहस्थ सापडले. ते तुसडे नव्हते, खरं तर समजुतीच्या सुरात बोलले. म्हणाले, "बाळांनो, आमच्या मूळ ऑडिओवर रील करा ना. ती चालते."

म्हणजे मूळ गाणं लावून त्यावर ओठ हलवले तर चालतं, कारण कंपनीचा आणि प्लॅटफॉर्मचा करार आहे. स्वतःच्या गळ्याने गायलं तर नाही.

मी म्हटलं कंपनी सोडा, कायदा काय म्हणतो ते बघू. १९५७ चा कॉपीराइट कायदा, २०१२ ची दुरुस्ती, कलम ३१ सी. कव्हर व्हर्जनचं कलम. त्यात मालकाची वेगळी परवानगी न घेताही कव्हर करता येतं, पण अटींवर. पहिलं रेकॉर्डिंग झालं ते वर्ष संपल्यावर पाच वर्षं थांबायचं. आधी नोटीस द्यायची, रॉयल्टी आगाऊ भरायची. ती किती? दर गाण्याला, दर वर्षी, किमान पन्नास हजार प्रतींची. मग तुमच्या दोनशे जरी खपल्या तरी. हा सरळ कॅसेट कंपन्यांचा हिशेब आहे. गच्चीवरच्या सहा पोरांचा नाही.

पण खरी गंमत पुढच्या अटीत आहे. कव्हर करणाऱ्याने मूळ शब्दांत किंवा संगीतात कुठलाही बदल करायचा नाही. मालकाच्या संमतीने आधी झालेला किंवा रेकॉर्डिंगसाठी तांत्रिकदृष्ट्या आवश्यक असलेला बदल तेवढा सोडून. परत वाचा. ब्रास गाळून तिथे दोन गळ्यांची साखळी घालणं 'तांत्रिकदृष्ट्या आवश्यक' आहे का? कुणी वकील उद्या कोर्टात म्हणेल, ब्रास वाजवणारे मिळत होते की, आणले का नाहीत? या कलमाच्या नजरेत आदर्श कव्हर कुठलं? जसंच्या तसं. तेच म्युझिक, त्याच जागा, फक्त गायक वेगळा आणि स्वस्त. ऐंशीच्या दशकात पेट्रोल पंपावर मिळायच्या तशा कॅसेट. २०१२ च्या दुरुस्तीआधीच्या तरतुदीत तर दोनच वर्षं थांबावं लागायचं. नक्कल कायदेशीर आणि नवं काम संशयित, असं हे उलटं प्रकरण आहे. "ही नक्कल कशाला" असं विचारणाऱ्यांनी हा प्रश्न संसदेला विचारायला हवा, कारण नक्कल करा असं संसदच सांगतेय.

अमेरिकेचा कायदा स्वर्गातून उतरलाय असं नाही. पण त्यांच्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ११५ मध्ये एक वाक्य आहे, ज्याच्या जोरावर हे सगळं झाड उभं आहे. एकदा बाजारात आलेलं गाणं, ठरलेला दर भरून, कुणीही पुन्हा रेकॉर्ड करू शकतो. आणि आपल्या गायनशैलीला साजेशी अरेंजमेंट करायचा हक्क त्याला स्पष्ट दिलेला आहे. मूळ चाल आणि गाण्याचं मूळ स्वरूप मात्र बदलायचं नाही. पाच वर्षांची वाट नाही, पन्नास हजारांची अट नाही. दर प्रतीमागे. बरीच वर्षं तो साधारण गाण्याला ९.१ सेंट होता, २०२३ मध्ये १२ सेंट झाला. दोनशे प्रती खपल्या तर दोनशेचे पैसे. ही सवलत त्यांच्याकडेही फक्त ऑडिओला आहे, व्हिडिओसाठी वेगळी परवानगी लागते, हे सांगायला हवं. पण निदान अरेंजमेंट हा गुन्हा नाही, हे पहिल्याच पायरीवर लिहून ठेवलंय.

यावर संगीतकारांचं म्हणणं काय असेल ते मला माहीत आहे, आणि ते हलकं नाही. दोन हजारच्या आसपास रीमिक्सची जी लाट आली, त्यात जुन्या गाण्यांचं काय केलं गेलं ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. ज्यांची गाणी होती त्यातले काही हयात होते, त्यांना कुणी विचारलंही नाही. शिवाय गीतकार-संगीतकारांना एकरकमी पैसे देऊन सगळे हक्क लिहून घ्यायचे, ही इथली जुनी रीत. २०१२ ची दुरुस्ती त्यातून आली. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत ती लावून धरली, आणि रॉयल्टीच्या बाबतीत ती फार मोलाची आहे. तिला धक्का लागावा असं मी म्हणतच नाही. बदल नको ही अट त्या रागातून आली असावी असं मला वाटतं. पण रीमिक्सवाल्याला आवरताना अरेंजरचा गळा धरला गेला. दोघांत फरक करता येतो. चालीला हात लावू नका, शब्दांना हात लावू नका, पैसे भरा, नाव द्या. यात संगीतकाराचं काय गेलं? उलट ज्या गाण्याला आज एक रुपया येत नाही त्याला दोनशे प्रतींचे तरी येतील.

मराठीसाठी तर मार्ग आत्ताच उघडा आहे. त्याच कलमात एक परंतुक आहे: एखाद्या भाषेतल्या किंवा बोलीतल्या गाण्यांचा खप किती होऊ शकतो हे पाहून, पन्नास हजारांची किमान अट कमी करता येते. कायदा बदलायची गरज नाही, आदेश काढला की झालं. मराठी, कोंकणी, अहिराणी गाण्यांसाठी असा आदेश मागायला काय हरकत आहे? अभिजात दर्जाचे सत्कार झाले, हार घालून झाले. त्या व्यासपीठांवरून कुणी हा एक कागद मागावा. आपल्या खासदारांचे सोशल मीडिया सांभाळणारे लोक या पोस्ट वाचतात हे मला माहीत आहे, त्यामुळे कलमाचा क्रमांक परत लिहितो: ३१ सी.

उरला प्रश्न त्या सहा पोरांचा. त्यांचा मेसेज आला होता, "काका, सोडून देऊ का?" तर त्यांच्यासाठी आणि त्यांच्यासारख्या इतरांसाठी, कायद्यात आजच काय आहे ते लिहितो. कलम ५२ मध्ये दोन वाटा आहेत. हौशी मंडळाने किंवा क्लबने, प्रेक्षकांकडून पैसे न घेता कुणाचंही गाणं सादर केलं तर तो कॉपीराइटचा भंग नाही. आणि शाळा-कॉलेजात, विद्यार्थ्यांनी शिक्षक, विद्यार्थी, पालक यांच्यासमोर गायलं तर तोही नाही. तिकीट ठेवायचं नाही आणि रेकॉर्ड करून टाकायचं नाही, कारण ही सूट समोरासमोरच्या सादरीकरणाला आहे. फोन खिशात. प्रेक्षकांनाही तेच आधी सांगायचं.

तर दिवाळीनंतर एखाद्या रविवारी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये गाऊ द्या त्यांना, असं मी कमिटीला विचारलंय. खुर्च्या साठ आहेत, माइक नको म्हणतायत पोरं. तारीख ठरली की इथेच टाकतो.